वासरू, वेदर आणि वाशिम

इंग्रजीत 'वेदर' असा उच्चार असलेला एक जुना शब्द आहे. हवामानवाला नव्हे, त्याचं स्पेलिंग वेगळं. हा वेदर म्हणजे खच्ची केलेला मेंढा. मेंढपाळ सोडले तर आता तो कुणाच्या तोंडी नाही, पण त्याचा जोडशब्द आपल्या ओळखीचा आहे: 'बेलवेदर'. कळपाच्या पुढे चालणारा, गळ्यात घंटा बांधलेला मेंढा. तो वळला की कळप वळतो. इन्फोसिसचे तिमाही निकाल लागले की पेपरवाले तिला आयटीची बेलवेदर कंपनी म्हणायचे. म्हणजे थोडक्यात, आयटीच्या कळपाचा घंटावाला मेंढा. :)

आजचा विषय हा मेंढा. तो आणि आपलं वासरू एकाच मुळातून आलेत, आणि त्याच मुळाचा एक धागा विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या नावात बसलाय. तो जिल्हा म्हणजे वाशिम.

तुम्ही मनात काय म्हणताय ते मला ऐकू येतंय. 'आलं का परत सगळं जग संस्कृतातून निघाल्याचं फॉरवर्ड?' शंका रास्त आहे. अशा फॉरवर्डांमध्ये दोन शब्द घेतात, ते सारखे ऐकू येतात म्हणतात आणि लगेच निकाल देऊन मोकळे होतात. म्हणून आधी कसोटी काय ते ठरवू. म्हणजे शेवटी हिशेब तपासता येईल.

कसोटी अशी: सारखं ऐकू येणं हा पुरावा नाही. पुरावा असतो तो नियमितपणाचा.

दोन उदाहरणं घेऊ. संस्कृतात 'वासर' म्हणजे दिवस. जुन्या पंचांगांत 'रविवासरे', 'सोमवासरे' असं लिहिलेलं असतं. हा वासर आणि गोठ्यातलं वासरू यांत एका उकाराचा फरक, पण नातं शून्य. दिवसवाल्याचं मूळ उजाडण्यात, उषेच्या घराण्यात. वासराचं घराणं निराळं, ते पुढे बघूच. तसंच इंग्रजीचं. आज हवामान आणि मेंढा हे दोन्ही वेदर सारखेच बोलतात, पण हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हवामान 'वेडर' होतं आणि मेंढा 'वेदर'. 'ड' आणि 'द' वेगळे होते. (हवामानवाल्याचं नातं 'वाहणे'शी, वात-वायूशी सांगितलं जातं. तो वेगळाच विषय.) कालांतराने दोघं एकमेकांवर येऊन आदळले, इतकंच.

म्हणजे सारखे दिसणारे परके असू शकतात आणि वेगळे दिसणारे सख्खे असू शकतात. डीएनए टेस्ट केल्याशिवाय बोलायचं नाही. यापुढे वेदर म्हणजे मेंढाच.

इंग्रजीची भावंडं बरीच आहेत. जर्मनमध्ये मेंढ्याला 'विडर' म्हणतात, राशिचक्रातली मेष राससुद्धा विडरच. जुन्या नॉर्स भाषेत, म्हणजे आइसलँडच्या जुन्या गोष्टी ज्या भाषेत लिहिल्यात तिच्यात, 'वेद्र'. आणि सगळ्यांत जुना साक्षीदार गॉथिक भाषेचा: 'विथ्रुस'. (इथला 'थ' आपल्या थाळीतला नव्हे, इंग्रजी 'थिंक'मधला.) चौथ्या शतकात डॅन्यूबकाठच्या गॉथ लोकांत वुल्फिला नावाचा एक बिशप होऊन गेला. त्याने या भाषेसाठी लिपी तयार केली आणि बायबलचं भाषांतर केलं. योहानाच्या शुभवर्तमानावरची एक गॉथिक टीकाही आहे, तिची जेमतेम आठ पानं शिल्लक राहिली. त्यांत येशूला 'देवाचा कोकरा' म्हणण्याचं वाक्य आलंय आणि तिथे कोकरासाठी शब्द आहे विथ्रुस.

ही भावंडं समोरासमोर ठेवली की त्यांच्या आईचा अंदाज बांधता येतो. आईचं नाव प्रोटो-जर्मॅनिक. साधारण अडीच हजार वर्षांपूर्वी डेन्मार्क, दक्षिण स्वीडन, उत्तर जर्मनी या पट्ट्यात ती बोलली जात होती. त्या काळातली एक ओळही लिहिलेली सापडत नाही. तरी अभ्यासक तिच्यातला मेंढ्याचा शब्द लिहून दाखवतात:

*वेथ्रुझ

सुरुवातीची चांदणी बघा. तळटीप असल्याची ती खूण नव्हे. तिचा अर्थ: 'हा शब्द कुठे लिहिलेला सापडलेला नाही, आम्ही तो मागे हिशेब करून काढलाय.' ही चांदणी रूढ केली ती ऑगस्ट श्लायखर या जर्मन पंडिताने, एकोणिसाव्या शतकात. गड्याचा स्वतःवर विश्वास इतका की १८६८ साली त्याने अशा नुसत्या चांदणीच्या भाषेत एक गोष्टच लिहून टाकली. गोष्ट कुणाची? एका मेंढीची आणि घोड्यांची. मेंढ्या काही आपला पिच्छा सोडत नाहीत.

आता *वेथ्रुझमधलं एकेक अक्षर कुठून आलं ते बघू.

मधला 'थ'. जर्मॅनिक भाषांमध्ये मूळच्या प-त-क यांचे फ-थ-ह होतात. ग्रिमचा नियम तो हाच (परीकथावाला याकोब ग्रिम, १८२२). त्रि-थ्री, पितृ-फादर ही नेहमीची उदाहरणं. म्हणजे 'थ'च्या जागी आधी 'त' होता. उलट गेलं की मूळ धातू हाती येतो: *वेत्.

पण या नियमाला अपवाद फार होते. संस्कृत भ्रातृ, पितृ या दोन्हींत 'त'च आहे, पण गॉथिकमध्ये एक 'ब्रोथर' आणि दुसरा 'फदर'. एका ठिकाणी थ, दुसऱ्या ठिकाणी द. का? १८७०च्या दशकात कार्ल वर्नर या डेन्मार्कच्या माणसाने उत्तर शोधलं, आणि ते त्याला मिळालं वैदिक स्वरांत. वेदपठणात 'भ्रातर्'चा आघात पहिल्या अक्षरावर येतो, 'पितर्'चा दुसऱ्यावर. आघात लगेच आधी असेल तर थ टिकतो, नसेल तर त्याचा द होतो. ज्या स्वरांच्या खुणा वैदिकांनी पिढ्यानपिढ्या घोकून जपल्या, त्यांनीच जर्मन भाषांचा हा बग क्लोज झाला. भारी आहे की नाही?

*वेथ्रुझमध्ये थ टिकलाय, म्हणजे आघात पहिल्या अक्षरावर होता. मग शेवटच्या अक्षरावर नव्हता हे ओघाने आलंच. त्याच नियमाने शेवटचा 'स' मऊ होऊन 'झ' होणार. आणि तसंच दिसतं. गॉथिकमध्ये तो पुन्हा 'स' झाला (विथ्रुस), नॉर्समध्ये 'र' (वेद्र), म्हणजे दोन्हींना आई हवी ती 'झ'. एकाच नियमातून शब्दाचा मध्यही सुटतो आणि शेवटही. हा नियमितपणा म्हणजे पुरावा, असं मी मघाशी म्हणालो तो यासाठी.

आता विभक्ती. या भागाला लोक घाबरतात, पण शाळेत 'गुरुः गुरू गुरवः' घोकलेल्या मराठी माणसाला घाबरायचं कारण नाही. विथ्रुस हा गॉथिकमध्ये उकारान्त पुल्लिंगी शब्द. पण पानं आठच, त्यामुळे त्याची सगळी रूपं तिथून मिळणं शक्य नाही. मग काय करायचं? वर्गातल्या दुसऱ्या मुलाची वही घ्यायची. गॉथिक 'सुनुस' म्हणजे मुलगा (इंग्रजी सन, संस्कृत सूनु). त्याची रूपं भरपूर सापडतात:

प्रथमा एकवचन: संस्कृत सूनुः, गॉथिक सुनुस
षष्ठी एकवचन: संस्कृत सूनोः, गॉथिक सुनाउस
प्रथमा अनेकवचन: संस्कृत सूनवः, गॉथिक सुन्युस
द्वितीया अनेकवचन: संस्कृत सूनून्, गॉथिक सुनुन्स

षष्ठीकडे बघा. संस्कृतातला 'ओ' मुळात 'अउ' होता. (संधीचा नियम आठवा: ओ फुटला की 'अव' होतो.) सूनोः म्हणजे जुनं सूनउस्. गॉथिकमध्ये सुनाउस. मध्ये हजारो मैल आणि हजारो वर्षं, पण प्रत्यय तोच!

द्वितीयेत संस्कृतने शेवटचा 'स' गाळला, पण पुरता नाही. 'तान्' अधिक 'च' म्हणजे 'तांश्च' का होतं? मध्ये हा 'श' कुठून टपकतो? शाळेत सर म्हणायचे, नियम आहे, पाठ करा. तो नियम म्हणजे जुन्या 'न्स'चा अवशेष. काढून टाकलेल्या कोडची एक ओळ राहून गेली आणि ती योग्य इनपुट आलं की अजून चालते. गॉथिकने तो 'न्स' उघड्यावरच ठेवला.

या साच्यात आपला मेंढा बसवला की: *वेथ्रुझ (मेंढा), *वेथ्राउझ (मेंढ्याचा), *वेथ्रिविझ (मेंढे), *वेथ्रुन्झ (मेंढ्यांना, म्हणजे कर्म असताना). बहुतेक रूपांवर चांदणी आहे, पण प्रत्येकामागे हिशेब आहे.

पुढे इंग्रजीत काय झालं? उकारान्त वर्ग लहान होता आणि अकारान्त वर्ग मोठा. मोठ्या वर्गाने लहान्याला गिळलं. जुन्या इंग्रजीत मेंढ्याची षष्ठी झाली 'वेदरेस', अकारान्तासारखी. आज इंग्रजीत अपॉस्ट्रॉफी लावून जो एस लिहितात, तो या 'एस'चा वंशज आणि 'देवस्य'मधल्या 'स्य'चा दूरचा भाऊ. मेंढ्याला मात्र तो वारशाने आलेला नाही, शेजाऱ्यांचं बघून त्याने घेतला.

आता *वेत्कडे वळू, कारण तिथूनच रस्ता आपल्या गोठ्यात येतो.

*वेत् म्हणजे वर्ष. ग्रीकमध्ये 'एतॉस' म्हणजे वर्ष (आधी 'वेतॉस', 'व' गळाला). लॅटिनमध्ये 'वेतुस' म्हणजे जुना, बरीच वर्षं झालेला; 'व्हेटरन' हा शब्द तिथला. संस्कृतात 'वत्सर' म्हणजे वर्ष. गुढीपाडव्याला पंचांग उघडून संवत्सराचं नाव वाचतात त्यातला वत्सर तो हाच. आणि 'वत्स' म्हणजे वासरू, अर्थात वर्षाचं जनावर. लॅटिनमध्येही वासराला 'वितुलुस' म्हणतात.

जनावराला वयावरून नाव देणं आपल्याला नवीन नाही. बैलबाजारात कुणी 'बैल' एवढंच म्हणून थांबत नाही. आदत आहे का, दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळला, असं दातांवरून वय सांगितलं जातं. वऱ्हाडात गाईचं पिल्लू गोऱ्हा असतं किंवा कालवड, म्हशीची पिल्ली वगार. मेंढपाळ असो की गुराखी, जनावर किती वर्षांचं हा प्रश्न पोटाचा असतो. त्यामुळे 'वर्षाचं' हे विशेषण एका टोळीत मेंढ्याला चिकटलं, दुसरीत वासराला. दिवाळी सुरू होते त्या वसुबारसेला आपण गाय-वासराची पूजा करतो, तिचं पोथीतलं नाव गोवत्स द्वादशी.

वत्सचं वासरू झालं कसं? इथेही नियम हवा, नाहीतर आपल्यात आणि फॉरवर्डात फरक काय? नियम असा: संस्कृतातल्या त्स, त्स्य आणि पुष्कळदा क्ष यांचा प्राकृतात च्छ होतो (शब्दाच्या सुरुवातीला नुसता छ), आणि त्या छचा मराठीत स. हिंदीने छ तसाच ठेवला. म्हणून हिंदी छुरी, मराठी सुरी. हिंदी छह, मराठी सहा. हिंदी छाया-छाँव, मराठी सावली. हिंदी मछली, मराठी मासा. मत्स्य-मच्छ-मासा, कुक्षि-कुच्छि-कूस. तसाच वत्स-वच्छ-वास. हिंदी बछड़ा, मराठी वासरू.

पोटनियम: त्या छनंतर इ किंवा ए आला तर मराठीत स ऐवजी श. माशी, शेत, शेण, शेळी. हा पोटनियम लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

आणि वासरूतला 'रू'? तो 'रूप'चा. वत्सरूप म्हणजे वासरू, तसं गोरूप म्हणजे गुरू, आपली गुरंढोरं. मग लोकांना 'रू' हा लहानपणाचा प्रत्ययच वाटू लागला असावा. कोकरू, लेकरू, पाखरू, शिंगरू ही सगळी पलटण बघा.

विभक्तीचं म्हणाल तर मराठीनेही इंग्रजीसारखीच सफाई केली, पण वेगळ्या पद्धतीने. संस्कृतचे सगळे वर्ग मोडून एक सामान्यरूप ठेवलं: वासरू, पण वासराला, वासराने, वासराचा. ते 'वासरा' म्हणजे झिजलेली जुनी विभक्ती. ती मुख्यतः षष्ठी असावी असं बरेच अभ्यासक मानतात. तिच्यावर आपण नवे प्रत्यय चढवले. जुन्या भिंतीवर नवा मजला.

आता वाशिम.

वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ला. (ब्रिटिश काळातही एक 'बासिम' जिल्हा होता, तो १९०५मध्ये मोडला.) गावात ऐकाल तर नावाची कथा अशी: वत्स ऋषींनी इथे घोर तप केलं, देवांचे समुदाय त्यांच्या आश्रमाभोवती येऊन राहिले. समुदाय म्हणजे गुल्म, म्हणून वत्सगुल्म, त्याचं वाशिम. 'वत्सगुल्म माहात्म्य' नावाच्या पोथीतली ही कथा. कामसूत्राचा टीकाकार वेगळंच सांगतो: वत्स आणि गुल्म नावाचे दोन राजपुत्र भाऊ होते, त्यांचं हे राज्य. गुल्मचा आणखी एक अर्थ झाडोरा, झुडपांची दाटी. कथा कुठलीही घ्या, पहिला शब्द वत्सच राहतो. ऋषीचं नाव असलं तरी ते नाव मुळात वासराचंच, लाडाचं.

पण माहात्म्यातल्या कथेला पुरावा म्हणायचं का? संशयखोर माणूस म्हणेल, गावाला मोठेपणा यावा म्हणून मागाहून कुणीतरी संस्कृत नाव जुळवलं असेल. असं होतं, पुष्कळ गावांच्या बाबतीत झालंय. नुसत्या 'वाशिम'वरून मागे जाऊन कुणी वत्सगुल्म काढलं असतं तर प्रामाणिक माणसाने त्याला चांदणीच लावली असती.

१९३९ साली वाशिमला ताम्रपट सापडला. चार पत्रे. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या राज्याच्या ३७व्या वर्षी अथर्ववेदी ब्राह्मणांना एक गाव दान दिल्याचा तो लेख. दान कुठून दिलं? वत्सगुल्माहून. काळ चौथ्या शतकाचा उत्तरार्ध. म्हणजे वत्सगुल्म हे मागाहून जुळवलेलं नाव नव्हे. ते राजधानीचं नाव होतं आणि ताम्रपट ज्या गावात मिळाला ते गाव वाशिम.

या चार पत्र्यांनी एवढंच केलं नाही. तोवर वाकाटकांची वत्सगुल्म शाखा इतिहासाला ठाऊकच नव्हती. अजिंठ्याच्या १६ नंबरच्या लेण्यात राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे, त्यात राजांची वंशावळ आहे. लेख जागोजागी झिजलेला. एकोणिसाव्या शतकात तो वाचला गेला तेव्हा एका जागी 'रुद्रसेन' वाचलं, कारण त्या नावाचा वाकाटक राजा माहीत होता. वाशिमच्या ताम्रपटाने सांगितलं की या शाखेचा संस्थापक सर्वसेन. वासुदेव विष्णु मिराशींनी अजिंठ्याचा लेख पुन्हा वाचला आणि त्या जागी निघालं सर्वसेन! दगडावरची अक्षरं तीच होती. वाचणाऱ्याला काय अपेक्षित आहे त्यावर वाचन ठरलं होतं.

या सर्वसेनाचीही एक गंमत. त्याने 'हरिविजय' नावाचं प्राकृत काव्य लिहिलं. ते काव्य आज अस्तित्वात नाही. पुढच्या काव्यशास्त्रकारांनी उदाहरणं म्हणून दिलेल्या गाथांवरून तेवढं ते माहीत आहे. म्हणजे काव्यालाच चांदणी.

ताम्रपटाची भाषाही बघण्यासारखी आहे. राजाची वंशावळ संस्कृतात, आणि दानाचा कामकाजाचा मजकूर प्राकृतात. मोठेपणा सांगायचा तर संस्कृत, काम करायचं तर लोकांना कळणारी भाषा. आपल्याकडे प्रेझेंटेशन इंग्रजीत आणि चहाच्या टपरीवरची खरी चर्चा मराठीत, त्यातलाच प्रकार. याच बोलीच्या अंगाने नाव पुढे बदलत गेलं.

पुढचा टप्पा इसवी सन ९००च्या सुमाराचा. राजशेखर नावाचा कवी, स्वतः महाराष्ट्रातल्या घराण्यातला. तो 'काव्यमीमांसा' या संस्कृत ग्रंथात विदर्भातलं वत्सगुल्म नगर सांगतो, तिथे काव्यपुरुषाचं साहित्यविद्येशी लग्न लावून देतो. पण तोच राजशेखर 'कर्पूरमंजरी' या प्राकृत नाटकात त्या नगराला म्हणतो 'वच्छोम'. आणि वैदर्भी शैलीला 'वच्छोमी'. एकाच माणसाच्या हातून दोन्ही नावं मिळाली, याहून चांगला दुवा कुठला? वत्सचं वच्छ नियमाने झालं. गुल्मचं गुम्म, मधला ग गळाला, अ आणि उ मिळून ओ. सगळं कायद्यात.

वच्छोमपासून वाशिमपर्यंत? च्छ जाऊन आधीचा स्वर लांबला, ब्च्छचा 'वा' आणि श, हे वासरूसारखंच. पण ओ जाऊन इ आला, हे नेहमीच्या नियमात बसत नाही. हा बदल कधी झाला ते मात्र कोंडीत पकडता येतं. आपण गिटमध्ये बायसेक्ट करतो तसं. ९००च्या आसपास वच्छोम: शेवटचं जुनं व्हर्जन. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अकबराच्या 'आइने-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचे सरकार दिलेत, त्यात बासिम आहे: तोवर इ आलेली. (वचा ब फारसी लेखणीने केला, वऱ्हाडचं बरार झालं तसंच.) म्हणजे बदल या सातशे वर्षांतला. आणि आता तो पोटनियम काढा: छनंतर इ असेल तरच श. वाशिमात स नाही, श आहे. म्हणजे छचा स-श होण्याच्या वेळी तिथे इ येऊन बसली असली पाहिजे. माझा तर्क असा की मधला बिनआघाताचा ओ आधी अर्धवट झाला आणि शेजारच्या तालव्य छने त्याला इकडे ओढलं. या मधल्या पायरीला मी चांदणी लावतो: *वच्छिम. उद्या एखाद्या शिलालेखात ती निघाली तर चांदणी काढू, वेगळंच काही निघालं तर शब्द काढू.

चांदण्या निघतात का कधी? निघतात. १८७९मध्ये सोश्यूर नावाच्या एकविशीतल्या पोराने केवळ हिशेबाने सांगितलं की मूळ भाषेत काही ध्वनी होते जे आज कुठल्याच भाषेत दिसत नाहीत. लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही. पुढे हित्ती भाषेच्या मातीच्या विटा वाचल्या गेल्या आणि १९२७मध्ये कुरिलोविच याने दाखवून दिलं की त्यांतलं 'ह'सारखं अक्षर बऱ्याच ठिकाणी नेमकं त्याच जागी आहे. आणि आपल्या मेंढ्याच्या शेपटीचा 'झ'? डेन्मार्कमध्ये गालेहुस इथे १७३४ साली सोन्याचं एक शिंग सापडलं, साधारण इसवी सन ४००चं, त्यावर रून लिपीत करणाऱ्याचं नाव. त्या नावाच्या अखेरीस तो 'झ' कोरलेला. १८०२मध्ये एका सोनाराने ते शिंग चोरून वितळवलं, पण नशिबाने आधी रेखाटनं काढून ठेवली होती.

तारखा शेजारी ठेवा. चौथ्या शतकात वुल्फिला गॉथिकला लिपी देतोय. त्याच शतकात वत्सगुल्मात कुणी कारागीर तांब्यावर राजाची आज्ञा कोरतोय. नंतर थोड्याच वर्षांत डेन्मार्कचा कारागीर सोन्यावर आपलं नाव कोरतोय. एकाच मुळातून निघालेल्या भाषांचे तुकडे तीन ठिकाणी एकाच सुमाराला लिहिले जात होते आणि कुणालाच कुणाची खबर नव्हती.

तर फॉरवर्डवाल्यांना उत्तर असं: वेदर संस्कृतातून निघालेला नाही आणि वत्स जर्मनमधून आलेला नाही. दोघंही चुलत भाऊ आहेत आणि त्यांचा आजोबा चांदणीवाला आहे. त्यात वत्सचा मान कमी होत नाही, उलट त्याच्या घोकून जपलेल्या स्वरांवाचून वर्नरला उत्तर मिळालं नसतं. चांदणी म्हणजे कमीपणा नव्हे. किती माहीत आहे आणि किती हिशेबाने काढलंय हे सांगणारी ती प्रामाणिक पाटी आहे. अशी पाटी बरेच इतिहास लावत नाहीत, हीच तर अडचण आहे.

तुमच्या गावाच्या नावाचीही काहीतरी कथा असेलच. ऋषी, राक्षस, पांडव यांपैकी कुणीतरी येऊन गेलेला असतोच. कथा टाकून देऊ नका, वाशिमकरांनी ती टाकली नाही म्हणून वत्सगुल्म नाव जिवंत राहिलं. फक्त तिच्या शेजारी जुन्या कागदांतलं, लेखांतलं रूप शोधून ठेवा. सापडलं तर उत्तम. नाही सापडलं तर चांदणी आहेच.

असो. आज इतकंच.